सात कोरी कार्डं

तो दुकानात शिरला तो कपडे द्यायला नव्हे, पाऊस चुकवायला. थंडीतला पाऊस, बोटं गारठवणारा. घाईत दाराच्या कडीला कोटाचा खिसा अडकला, टर्रकन फाटला आणि खिशातली पिवळी कार्डं फरशीभर सांडली.

दुकान कपडे दुरुस्तीचं. उसवलेलं शिवायचं, लांब झालेलं आखूड करायचं, माणूस अंगाने सुटला की त्याची विजार सैल करून द्यायची. पुढे काउंटर, काउंटरवर धाकटी. मधे स्टुलावर आई, मांडीवर बटणांचा डबा. आणि मागे खिडकीशी पायमशीन, मशीनवर थोरली, दाराकडे पाठ करून. बाप गेला त्या वर्षी दहावीचं दप्तर ठेवून ती त्या खुर्चीवर बसली, ती दहा वर्षं झाली. पाठ असली तरी तिला सगळं दिसायचं. कोपऱ्यात कपडे घालून बघायचा उभा आरसा होता आणि तो तिने आपल्या सोयीने थोडा वळवून ठेवला होता.

तर आरशात तिला दिसलं ते असं : एक उंच, ओला माणूस गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करतोय, आणि धाकटी एका हातात बिस्कीट धरून दुसऱ्या हाताने त्याला मदत करतेय. मदत कसली, वाचतेय.

"ग्रोक? हा काय शब्द आहे? मी इंग्रजी घेऊन कॉलेजात शिकतेय, मला नाही आला कधी."

"जुना आहे. आता कुणी वापरत नाही. कुणी खात असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचं... आपल्यालाही बोलावतील या आशेने."

धाकटीने बिस्किटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे आत्ता तुम्ही जे करताय ते?"

तो हसला. धाकटी तर काय, तिला हसायला निमित्तही लागत नाही. थोरलीनेही ओठ दाबले, पण ते मशीनशिवाय कुणाला दिसलं नाही. की दिसलं? आरसा काही एकाच बाजूने दाखवत नाही. तिने वर पाहिलं तेव्हा तो आरशातून तिच्याकडेच बघत होता. तिने पायडल जोरात हाणलं.

तो शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होता. वापरातून गेलेले इंग्रजी शब्द गोळा करायचे, त्यांचे आपल्या भाषेत अर्थ लिहायचे. एका कार्डावर एक शब्द, त्याखाली अर्थ, आणि त्याखाली एक कोरी ओळ.

"ही ओळ मी भरायची नाही," तो सांगत होता. "ती चालत्याबोलत्या माणसाने भरायची. आपल्याच भाषेत एक वाक्य करायचं, त्यात तो शब्द बसवायचा. बसला की तो कोशात. न्हावी, नर्स, पोस्टमन, सगळ्यांकडून लिहून घेतो मी."

"कामधंदा नाही का त्या लोकांना?" आईने विचारलं.

"काढून द्या कोट," थोरली न वळता म्हणाली. "खिसा मुळापासून गेलाय."

"कधी मिळेल?"

"परवा."

"ओव्हरमॉरो," तो स्वतःशीच म्हणाला. मग आईकडे वळून, "काकू, परवाला इंग्रजीत एक सबंध शब्द होता. ओव्हरमॉरो. त्यांनी तो टाकून दिला. आता चार शब्द लावतात."

"एकाचं काम चौघांना लावलं?" आई बटणं चाळत म्हणाली. "आणि असल्या लोकांची भाषा शिकायला आम्ही पोरीला बस बदलून पाठवतो."

तेव्हापासून आईने त्याचं नाव कार्डवाला ठेवलं.

आता या दुकानाचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला. कपडा मशीनवर गेला की आधी खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते, चिठ्ठी असो, तिकीट असो, सुपारीचं खांड असो, पाकिटात घालायचं, पाकिटाला टाचणी लावायची, वर टोकनचा नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. वाचायचं नाही. उलटून बघायचंही नाही. आईने फार वर्षांपूर्वी एका बाईला नवऱ्याच्या खिशातली चिठ्ठी भोळेपणाने मोठ्याने वाचायला लावली होती, कारण आईला स्वतःला टेपवरच्या आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. त्या घरातली भांडी रस्त्यापर्यंत आली. तेव्हापासून नियम. "लोकांचे खिसे म्हणजे लोकांची पोटं," आई म्हणायची. "आपण टाके घालायचे, आत काय शिजतंय ते बघायचं नाही."

थोरलीने दहा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. तिला त्याचा तोरा होता.

पंधरा दिवसांनी कार्डवाला परत आला. आतला खिसा उसवलाय म्हणाला. त्यानंतर बाहेरचा डावा. मग पुन्हा आतला. प्रत्येक वेळी खिशात एक पिवळं कार्ड राहिलेलं असायचं. थोरली ते पालथं धरून पाकिटात सरकवायची, टाचणी लावायची, नंबर टाकायची. किती विसराळू माणूस, एवढंच तिच्या मनात यायचं.

पण तिसऱ्या खेपेला तिने शिवण उजेडात धरली आणि तिचा हात थांबला. ओढून तुटलेला दोरा पिंजारतो, टोकाला मिशा फुटतात. हा दोरा सरळ तुटला होता. ब्लेडने कापलेला. एकेक टाका, हळूच, अस्तराला धक्का न लावता.

म्हणजे हा खिसा फाटत नाही. हा माणूस तो फाडतो, आणि घेऊन येतो.

तिच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं... आणि त्याच क्षणी काउंटरवर धाकटी खळखळून हसली. टुणकन उडालेलं तिथेच खाली बसलं.

अच्छा. म्हणजे हे त्यासाठी.

त्या दिवसापासून थोरलीची झोप गेली म्हणणार नाही मी, झोप तिला चांगली लागायची. पण दिवस गेला. तो आला की काउंटरवर पाव पाव तास गप्पा. तिकडे तो शब्द सांगायचा, धाकटी वाक्यं करायची. इकडे थोरली मशीन हाकायची. रिकामं मशीन, खाली कापड नसताना. दोघांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. आणि मधेच थांबवायची. ऐकू यावं म्हणून.

"गिग्लेट," तो एकदा म्हणाला. "उठसूट खिदळणारी मुलगी."

"हे मला उद्देशून आहे का?"

"वाक्य तुम्ही करा, उद्देश मी बघतो."

थोरलीच्या सुईने बोट शोधलं. बोट तोंडात धरून ती आरशात बघत राहिली. धाकटीचे केस मोकळे होते. दुकानात केस मोकळे सोडायचे नाहीत, बटणात अडकतात, हे हिला किती वेळा सांगायचं?

"धाकटे, मागे ये. इस्त्री तापलीय."

"ताई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक नाही ते. गिऱ्हाईक कपडे देतं नि जातं."

कार्डवाल्याचं हसू मावळलं. तो टोकन घेऊन गेला. जाताना दाराशी थांबला, आरशाकडे बघितलं... थोरलीने बॉबिन बदलायला मान खाली घातली.

मत्सर मोठा कष्टाळू असतो, बसून राहत नाही. थोरलीने धाकटीला काउंटरवरून उठवून बटणांची काजं करायला बसवलं, तर तो काउंटरवरून वाकून तिच्याशीच बोलू लागला. थोरलीने त्याचं काम 'परवा'च्या ऐवजी 'उद्या' करून दिलं, म्हणजे फेऱ्यांची ओढ तरी संपेल, तर तो दुसऱ्याच आठवड्यात हजर. कोटाची बटणं तिने इतकी घट्ट लावली की बिचाऱ्याला लावताना अंगठा दुखायचा. तो तक्रार करत नव्हता. तक्रार केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

आणि सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे तिला शब्द पाठ होऊ लागले. फजल, म्हणजे काम करतोय असं दाखवायचं आणि काही करायचं नाही. हा शब्द ऐकला तेव्हा ती रिकामं मशीनच चालवत होती. ग्लोमिंग, म्हणजे कातरवेळ. ॲप्रिसिटी, थंडीत अंगावर येणारं कोवळं ऊन. तो हा शब्द म्हणाला तेव्हा खिडकीतून तेच ऊन तिच्या मानेवर पडलं होतं, आणि तो उगीचच हळू बोलला होता. धाकटीशी बोलायला हळू कशाला बोलायचं? ती कानाशी असते.

ऐकलेला शब्द ती शिंप्याच्या खडूने हातातल्या कपड्याच्या अस्तरावर लिहायची. आपल्याच अक्षरात. मग ब्रशने झटकून टाकायची. कुणाला काय कळतंय.

सातव्या खेपेला तिच्या हातात कोट त्याचाच होता. "ग्रोक," तिने अस्तरावर लिहिलं आणि मनात म्हणाली, हे मीच करतेय की. लोक खातायत, आणि मी आरशातून बघत बसलेय. तेवढ्यात तो वेळेआधीच दारात आला. कोट घडी घालून गेला. ब्रश फिरवायचा राहिला.

त्यानंतर तीन आठवडे तो आला नाही. थोरली मशीनवर सरळ टाके घालत होती आणि ते वाकडे पडत होते.

चौथ्या आठवड्यात आला. या वेळी काउंटरवर बोलला नाही. कोट ठेवला, "आतला खिसा," एवढंच म्हणाला. आवाज खोल गेलेला. आईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. आईची नजर म्हणजे टेप, माप घेऊनच सोडते.

"काय रे कार्डवाल्या, घरी कोण असतं तुझ्या?"

"मावशी. तिनेच वाढवलं."

"परवा कोट न्यायला येशील तेव्हा तिला घेऊन ये. चहाला."

तो बावरला. आरशाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मान हलवली आणि गेला.

दार लागताच आई म्हणाली, "विचारून टाकते. किती दिवस नुसते शब्दच घालवणार? पोरगा सरळ आहे. नोकरी वेडगळ आहे, पण सरळ आहे. आमच्या धाकटीला शोभेल."

"आई, अगं..." धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. लग्नाच्या बोलण्यात मुलीने मधे पडायचं नाही. थोरले, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय," थोरली म्हणाली. "माझ्याकडे त्याचा कोट आहे. माणूस नाही."

आई बटणं आणायला बाजारात गेली. धाकटी इस्त्रीशी. थोरलीने कोट मांडीवर घेतला, आतल्या खिशात हात घातला. कार्ड. नेहमीसारखं.

तिने पाकीट काढलं. टाचणी ओठांत धरली. कार्ड पालथं धरलं... आणि दहा वर्षांचा तोरा एका श्वासात सोडून ते उलटं केलं. म्हटलं बघू तरी, बहिणीला काय लिहितो.

वर शब्द होता : ट्रिस्ट. खाली अर्थ : दोघांनी आधी ठरवून केलेली भेट, तिसऱ्याला ठाऊक नसलेली. मग कोरी ओळ. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात :

'मशीनवरच्या बाईंसाठी. आधीची सात कार्डं तुम्ही कोरी परत केलीत, पाकिटात घालून, टाचणी लावून. त्याचा अर्थ मला कळतो, अर्थ लावणं हाच माझा धंदा आहे. पण गेल्या खेपेला अस्तरावर खडूने ग्रोक लिहिलेलं सापडलं. म्हणून हे आठवं. हेही कोरं आलं तर खिसा पुन्हा फाटणार नाही.'

ओठांतली टाचणी कुठे पडली तिला कळलं नाही. ती परत वाचू लागली. सात. सात वेळा या माणसाने तिला विचारलं होतं, आणि सात वेळा तिने, स्वतःच्या हाताने, वर नंबर टाकून...

"धाकटे."

"काय?"

"हा कार्डवाला तुझ्याशी काय बोलतो?"

धाकटीने इस्त्री उभी केली. "शब्द बोलतो. आणि मधून मधून विचारतो. मशीनवर दिवसभर बसून पाठ दुखत नाही का त्यांची? त्या चहा कधी घेतात? त्या हसतात का कधी?"

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगायला आले होते. एकदा तू कात्री आपटलीस. दुसऱ्यांदा मला ऐंशी काजं करायला बसवलंस. मला वाटलं, तुला माहितीय आणि तुला नकोय."

"ऐंशी नव्हती. साठ होती."

"माझी बोटं मोजत होती, ताई, तू नाही."

थोरलीला हसू आलं आणि रडूही. तिने दोन्ही गिळली. आता आईला सांगावं, तर खिशातलं वाचलं हे सांगावं लागणार. न सांगावं, तर परवा आई धाकटीसाठी शब्द टाकून मोकळी होणार. तिने खडू उचलला. मग खडू नको म्हणून पेन मागितलं.

परवाच्या दिवशी मावशी आल्या. बारक्या चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांना स्टूल दिलं, चहा दिला. कार्डवाला उभाच. आईने कोट काउंटरवर ठेवला.

त्याने कोटावरून हात फिरवला, काउंटरकडे बघितलं, खाली बघितलं. "पाकीट?"

"कसलं पाकीट?" आई म्हणाली. "काही निघालं नसेल. तर मावशी, मी सरळ बाई आहे, सरळच बोलते. माझी धाकटी..."

"नीट बघा," मागून आवाज आला. मशीन थांबलं होतं. थोरली खुर्चीसकट वळली होती. त्याने तिला आरशाशिवाय समोरून बघितलं ते पहिल्यांदा. "आतला खिसा शिवून बंद केलाय. उघडायला ब्लेड लागेल. तुम्हाला सवय आहे."

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला... कळलं होतं?"

"तिसऱ्या खेपेपासून. फाटलेला दोरा नि कापलेला दोरा मला ओळखू येतो. तो कुणासाठी कापलाय, तेवढं नव्हतं आलं ओळखू."

तिने कात्री पुढे केली. तो काउंटर ओलांडून आत आला. गिऱ्हाइकाने आत यायचं नाही हाही नियम होता, पण त्या दिवशी नियमांची काही खैर नव्हती. एकेक टाका कापला. किती बारीक घातले होते. आतून पिवळं कार्ड निघालं. कोऱ्या ओळीवर थोरलीचं दहावीतलं गोल अक्षर होतं :

'ट्रिस्ट ठरवायची तर माणसाने जागा आणि वेळ लिहावी. नुसता शब्द पाठवणाऱ्याला काय म्हणतात, त्याचं कार्ड आहे का?'

आणि खाली, त्याच्यासारखंच बारीक : 'सातांतलं एकही मी वाचलं नव्हतं. नियम आहे. परत आणा.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग खिसे चाचपले. धाकटीने न मागता पेन पुढे केलं. त्याने काउंटरवर वाकून काहीतरी लिहिलं आणि कार्ड थोरलीच्या हातात दिलं. हातात देताना सोडलं मात्र नाही, लगेच नाही.

आईचा चहाचा कप अर्ध्यात थांबलेला. मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, "मी नक्की कुणाला बघायला आलेय, ते कुणी सांगेल का मला?"

धाकटी तोंडावर हात ठेवून हसत होती. आईने थोरलीचा लाल चेहरा बघितला, कार्डवाल्याचे लाल कान बघितले आणि कप खाली ठेवला. माप चुकलं होतं. चुकलं म्हणून ती कधी म्हणायची नाही, कापड तेवढं फिरवून घ्यायची.

"माझी थोरली," आई म्हणाली, "जरा तिखट आहे मावशी. पण हात सोन्याचा. तेच सांगत होते मी."

"तुम्ही धाकटी म्हणालात."

"धाकटी चहा देईल म्हणाले. धाकटे, बिस्किटं कुठायत?" मग थोरलीकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "खिशातलं वाचलंस ना?"

"वाचलं."

"हं. काय लिहिलंय त्याने आता?"

"ओव्हरमॉरो. पाच वाजता. पुलाजवळच्या बाकावर."

"म्हणजे परवा," आई म्हणाली. तिला तो शब्द पहिल्या दिवसापासून लक्षात होता. "परवा कशाला? उद्या काय वाईट आहे?"

"उद्या साठ काजं आहेत," थोरली म्हणाली.

"ऐंशी," धाकटी बिस्किटं आणत म्हणाली. "आणि ती ताई करणारेय."

ओव्हरमॉरोला पाच वाजता पुलाजवळच्या बाकावर ग्लोमिंग उतरायला अजून वेळ होता. ऊन होतं, थंडीतलं, कोवळं. थोरली बाकाच्या एका टोकाला बसली, तो दुसऱ्या. मधे त्याने सात कार्डं मांडली होती, टाचणीची दोन दोन भोकं पडलेली. तिने एकेक उचललं, वाचलं, मांडीवर ठेवलं. घाई केली नाही. एक वाचून हसली, एक पुन्हा उचलून वाचलं.

"आता भरणार का?" त्याने विचारलं.

"भरीन. आधी एक सांगा. मत्सराला काही जुना शब्द आहे का तुमच्याकडे?"

"आहे. झेलोटिपिया. पण त्याचं कार्ड पडून आहे. वाक्य देणारं कुणी भेटत नाही. लोक कबूल होत नाहीत."

थोरलीने नदीकडे बघितलं. मग त्याच्या कोटाच्या बटणाकडे. अजून तसंच घट्ट होतं. ती सरकून जवळ बसली आणि ते बटण तिने स्वतःच, हळूच, सोडवलं.

"कार्डं आणा," ती म्हणाली. "एक पुरायचं नाही. सात आणा."